‘आमच्या वेळी…’ असं आपण का म्हणतो? – जुनी गाणी, जुन्या गाड्या आणि आपलं मन



मी चौथीला शिकवते. मागच्या वर्षी वाहतूक हा घटक सुरू होता. मुलांना घरचा अभ्यास दिला – ‘पूर्वी आपल्या घरी कोणतं वाहन होतं, ते मोठ्यांना विचारून या.’ दुसऱ्या दिवशी वर्गात बैलगाडी, सायकल, स्कूटर, एका घरची तर फियाटसुद्धा आली. पण प्रत्येक उत्तराला एक शेपूट होतं. ‘पप्पा म्हणाले, तेव्हाच्या गाड्या म्हणजे लोखंड होतं, आता नुसतं प्लॅस्टिक.’ ‘आजी म्हणाली, तेव्हाची गाणी ती गाणी, आता नुसता गोंगाट.’

सगळ्यांचं सांगून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग सगळं चांगलं संपल्यावर आम्ही जन्मलो का?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात मीसुद्धा याच मुलांना म्हणाले होते, “आमच्या वेळी मुलं किती वाचायची!” म्हणून या विषयावर थोडं वाचलं, डी.एड.ची मानसशास्त्राची जुनी वही काढली. त्यातून जे समजलं ते तुमच्यासमोर मांडते.

या भावनेला काय म्हणतात?

इंग्रजीतला ‘नोस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात एका आजाराचं नाव होता. १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो तयार केला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर राहून झुरणाऱ्या माणसांसाठी त्याला नाव हवं होतं.

मराठीत आपण याला दोन शब्द वापरतो. एक ‘गतकातरता’, दुसरा ‘स्मरणरंजन’. पहिल्यात हुरहुर आहे, दुसऱ्यात आनंद. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. जुनं गाणं लागलं की आपण हसतो आणि त्याच वेळी घसाही दाटून येतो.

आपलं मन असं का करतं?

१) कोवळ्या वयातल्या आठवणी घट्ट बसतात. मोठ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, असं मानसशास्त्रज्ञांना दिसलं आहे. साहजिकच आहे. पहिली मैत्री, पहिली नोकरी, थिएटरात पाहिलेला पहिला सिनेमा, सगळं याच काळातलं. त्यामुळे ‘सगळ्यात चांगली गाणी कोणत्या काळातली?’ या प्रश्नाला बहुतेक जण नकळत आपल्या तरुणपणाचा काळ सांगतात. आजोबांसाठी तो काळ रेडिओ सिलोनवरच्या अमीन सयानींच्या आवाजाचा, तर माझ्या पिढीसाठी कॅसेटची रिळं पेन्सिलीने गुंडाळण्याचा.

२) काळ चाळणी लावतो. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपल्याला आजही पाठ आहे. पण त्याच वर्षी आलेले इतर किती मराठी चित्रपट आठवतात? आठवून बघा. चांगलं तेवढं चाळणीच्या वर राहिलं, सुमार होतं ते गळून गेलं. आजचं मात्र आपण न चाळलेलं बघतो, चांगलं-वाईट सगळं एकत्र. मग चाळलेल्या धान्याची न चाळलेल्या धान्याशी तुलना कशी करायची?

३) त्रास पुसट होतो. हे मला माझ्या घरातच दिसलं. आमच्याकडे बजाज चेतक होती. वडील अजून तिचं नाव काढलं की खुलतात. “एका किकमध्ये चालू व्हायची!” आई स्वयंपाकघरातून म्हणते, “हो, आधी आडवी करायची, मग दहा किका मारायच्या. पावसात तर ढकलतच आणायचे.” दोघंही खोटं बोलत नाहीत. प्रसंग होऊन गेला की त्यातला वैताग लवकर विरतो आणि गोडवा मागे राहतो. आपण सहलीहून आल्यावर बसमधला उकाडा विसरतो ना, तसंच.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचंही तेच झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. त्यात तिच्यातल्या गरम होणाऱ्या सीटबद्दल आणि आपटून लावाव्या लागणाऱ्या दाराबद्दल कुरकुर करणारेही असतीलच.

४) वाट पाहण्याने किंमत वाढते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचं संगीत असलेली ५६ गीतं आठवड्याला एक याप्रमाणे आली. म्हणजे पुढचं गीत ऐकायला लोक आठवडाभर थांबत. चेतकसाठीही नंबर लावून काही वर्षं थांबावं लागे. आज हवं ते गाणं क्षणात मिळतं. गाणं कमी प्रतीचं झालं असं नाही, पण त्याच्याभोवतीची वाट बघणं गेलं.

५) आठवण वस्तूची नसते, माणसांची असते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेतक म्हटलं की मला इंजिन आठवत नाही. पुढे उभं राहून हँडल धरलेलं आठवतं आणि मागून बाबांचे दोन हात आठवतात.

मग हे वाईट आहे का?

अजिबात नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशट यांनी या भावनेचा बराच अभ्यास केला आहे. त्यांना असं दिसलं की एकटं किंवा उदास वाटत असताना माणूस जुन्या आठवणींकडे वळतो, आणि त्या आठवणींमुळे त्याला आपल्या माणसांशी जोडलेलं वाटतं. म्हणजे आजी तेच गाणं पुन्हा लावते तेव्हा ती स्वतःला बरं वाटावं म्हणूनच लावत असते. तिला टोकू नका. शेजारी जाऊन बसा.

आणखी एक छान गोष्ट. कॅरोल क्रुमहान्सल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवलं की तरुण मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटतात. ती घरात सतत वाजत होती ना! म्हणजे मुलं आपला जुना काळ आनंदाने घेतात. पण तो गाणं म्हणून दिला तर. टोमणा म्हणून दिला तर नाही.

मुलांशी बोलताना

‘आमच्या वेळी हे होतं’ ही गोष्ट झाली. ‘तुमच्या वेळी हे नाही’ हा शेरा झाला. मूल गोष्ट आवडीने ऐकतं, शेऱ्याने खट्टू होतं. त्याने आपला काळ काही निवडून घेतलेला नाही. आपण आज जे त्याच्यासोबत करतो, तेच उद्या त्याची ‘आमच्या वेळी’ होणार आहे.

वर्गात आणि घरी करून बघा

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी तोच घरचा अभ्यास पुन्हा दिला, पण तीन प्रश्न ठरवून:

• तेव्हाचं तुम्हाला काय आवडायचं?
• तेव्हा त्रास कशाचा व्हायचा?
• तेव्हा तुमच्यासोबत कोण असायचं?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं आधीसारखीच आली. दुसऱ्याने घरात हशा पिकला. तिसऱ्याने मात्र बरंच काही बाहेर आलं. एका मुलाच्या आजीकडे रेडिओ नव्हताच. ती शेजारच्या दारात उभी राहून गाणी ऐकायची, मैत्रिणीचा हात धरून. त्या मैत्रिणीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. नातवाने ते वहीत लिहून आणलं.

आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी? तिने खाली स्वतःहून चौथी ओळ लिहिली होती: ‘मी मोठी झाल्यावर सांगीन की आमच्या वेळी बाबा रात्री मोबाईलवर गाणं लावून माझ्यासोबत नाचायचे.’

तुम्हीही हे तीन प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तरं मिळाली ते नक्की कळवा.