छापण्याची आज्ञा आणि प्रिंटरची रांग

संगणकावरील मजकूर कागदावर उतरविण्यासाठी पडद्यावरचे प्रिंटरचे चित्र दाबावे, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु युनिक्सच्या परंपरेतील यंत्रणांवर, म्हणजे लिनक्सवर किंवा अ‍ॅपलच्या मॅकवर, याहून जुना एक मार्ग आजही खुला आहे. आज्ञांची खिडकी उघडावी, एलपी ही दोन रोमन अक्षरे टंकून पुढे फाईलचे नाव लिहावे, की काम झाले. निदान झालेसे वाटते. आणि पुष्कळांची फसगत होते ती येथेच.

एलपी हे नाव लाईन प्रिंटरवरून आले. एका वेळी सबंध ओळ उमटविणारे ते अवजड यंत्र संगणकाच्या मानाने फारच मंद असे आणि त्याच्यावर अनेकांची कामे येत. दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी! म्हणून मजकूर परस्पर यंत्राकडे न धाडता आधी तबकडीवर साठवावा, त्याला क्रमांक द्यावा आणि पाळीप्रमाणे यंत्रास पुरवावा, अशी व्यवस्था लावण्यात आली. पुढे युनिक्सच्या सिस्टिम फाईव्ह शाखेत एलपी, तर बर्कली विद्यापीठाच्या शाखेत एलपीआर ही आज्ञा रूढ झाली. मायकेल स्वीट यांनी रचलेली कप्स ही व्यवस्था १९९९ साली प्रकाशात आली. तिला या दोन्ही आज्ञा समजतात. अ‍ॅपलने २००२ साली तिचा अंगीकार केला.

तात्पर्य, एलपी स्वतः काही छापत नाही. ती कामाला रांगेत उभे करते. उत्तरादाखल पडद्यावर प्रिंटरचे नाव व कामाचा क्रमांक उमटतो. ती पोच होय, छापल्याची पावती नव्हे. शिवाय या रांगेला दोन दारे आहेत आणि ती स्वतंत्रपणे उघडतात, मिटतात. काही बिघाडामुळे बाहेरचे दार मिटले तरी आतले उघडेच राहून नवी कामे स्वीकारली जात असतात. कचेरीत तातडीने कागद सादर करावयाचा असलेला मनुष्य अशा वेळी तीच आज्ञा पाच वेळा देतो. प्रिंटर पुन्हा सुरू होताच पाचही प्रती बाहेर पडतात. आणि कागद खाजगी असेल, तर त्या भलत्याच्याच हाती लागण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणजे आधी विचारून घेणे. एलपीस्टॅट या आज्ञेपुढे वजाचिन्ह व टी हे अक्षर दिले, की कोणते काम रांगेत आहे आणि प्रिंटर चालू आहे की थांबविलेला, हे सारे कळते. नको असलेले काम कॅन्सल ही आज्ञा व त्याचा क्रमांक देऊन काढता येते. थांबलेला प्रिंटर कप्सएनेबलने सुरू होतो. मात्र त्यास बहुधा व्यवस्थापकाचा अधिकार लागतो.

मराठी मजकुराची अडचण आणखी निराळी. ‘पिता’ लिहिताना संगणक आधी ‘प’ साठवितो व मागाहून ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसावयास हवी. जोडाक्षरांचीही अशीच जुळणी करावी लागते. छापण्यापूर्वी कप्स मजकूर ज्या गाळण्यांतून नेते, त्यांतील साध्या मजकुराची गाळणी रोमन लिपीपुरती ठीक असली, तरी ही जुळणी तिला साधेलच असे नाही. मग वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात. पॅप्स नावाचे छोटे साधन पँगो या अक्षरजुळणीच्या यंत्रणेकडून ते काम करवून घेते. पॅप्स, फाईलचे नाव, एक उभी रेघ आणि एलपी, इतके एका ओळीत लिहिले, की जुळविलेली पाने रांगेत जातात. पॅप्स हाताशी नसल्यास मजकुराची पीडीएफ करावी, ती पडद्यावर वाचून पाहावी आणि मग तीच एलपीच्या स्वाधीन करावी. तीत टंक अंतर्भूत असल्याने पडद्यावर दिसलेली वेलांटी कागदावरही आपल्या जागीच उमटते.