वेळ सोयीची, पण काम कोणाचे?

घर सांभाळून चार तास काम करणे म्हणजे केवळ वरखर्चाला हातभार लावणे नव्हे. त्यातूनही पूर्ण करिअर घडू शकते. मात्र त्यासाठी काही गोष्टी आधीच पारखून घ्यायला हव्यात.

सकाळची आवराआवर झाली, डबे गेले, मुले शाळेला गेली, की म्हैसूरमधल्या कित्येक घरांत एक बैठा पाट पुढे ओढला जातो. कोळशाची पूड आणि झाडाच्या सालीची चिकट भुकटी मळून केलेला काळा गोळा एका बाजूला, बांबूच्या काड्यांची जुडी दुसऱ्या बाजूला. तळहाताखाली काडी फिरते आणि उदबत्ती तयार होते. मध्येच कुकरची शिट्टी झाली की हात धुऊन उठायचे, गॅस बंद करायचा आणि पुन्हा पाटावर बसायचे. मजुरी मिळते ती हजार काड्यांच्या हिशेबाने. सुगंध लावण्याचे काम पुढे कारखान्यात होते.

म्हैसूरच्या उदबत्तीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिचा सुगंध देशोदेशी पोहोचला आहे. त्यामागे वर्षानुवर्षे अशा घरबसल्या हातांची मेहनत आहे.

सोय आहे, पण पुढे काय?

वरवर पाहता गृहिणीसाठी याहून सोयीचे काम नाही. बसची धावपळ नाही, हजेरीची घंटा नाही, तान्हे मूल नजरेसमोर. पण दहा वर्षांनंतर तिच्या हाती काय उरते? बोटे चपळ होतात, पण दर दुसराच ठरवतो. माल ठेकेदार आणतो आणि तोच घेऊन जातो. तिचे नाव कुठल्याच नोंदवहीत नसेल, तर अनुभवाचा दाखला कोण देणार?

काड्या वळणारी यंत्रे आली, परदेशातून स्वस्त कच्ची उदबत्ती येऊ लागली, तेव्हा याचा प्रत्यय आला. सरकारने ऑगस्ट 2019 मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले खरे, पण तोवर अनेक पाटांवरचे काम कमी झाले होते. नोकरीवरून काढताना निदान नोटीस तरी मिळते. इथे फक्त माल यायचा थांबतो.

गिरगावची गच्ची

आता मुंबईकडे वळू. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. भांडवल होते 80 रुपये, तेही उसने आणलेले. पहिल्या दिवशी तयार झाली पापडांची चार पाकिटे. हाच पुढचा ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’.

इथेही काम घरूनच चालते. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घ्यायचे, घरी सवडीने लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. म्हैसूरच्या पाटाप्रमाणेच इथेही मजुरी लाटलेल्या मालावर. मग फरक कोणता?

लाटणारी प्रत्येक बहीण ही संस्थेची सभासद, म्हणजेच मालकीण आहे. नफा झाला तर तिला वाटा मिळतो, तोटा झाला तर तोही सगळ्या मिळून सोसतात. शाखेची संचालिका आणि मध्यवर्ती समितीच्या 21 सदस्या यांची निवड याच बहिणींमधून होते. त्यामुळे पोळपाटापासून सुरुवात करणारी बाई पुढे हिशेब, खरेदी आणि दर्जा पाहू लागते. हीच तिची बढती. आज तिथे सुमारे 45 हजार बहिणी आहेत. 2021 मध्ये जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली.

गिरणगावात प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बाया तोवर सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. संघटित झाल्यावर त्यांना बँकेची दारे उघडली. स्वयंपाक तोच, चूलही तीच, पण आता कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर होते.

शिकलेल्या स्त्रियांचे काय?

हाच निकष पदवीधर स्त्रीलाही लागू पडतो. बाळंतपणानंतर नोकरी सुटली की परत फिरणे अवघड होते. 2008 मध्ये टाटा समूहाने अशा स्त्रियांसाठी लवचीक वेळेचे प्रकल्प देणारी योजना सुरू केली. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल, तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही झाली. तेव्हा नोकरी सोडण्याआधी एकदा विचारून तर पाहा. सरळ राजीनामा देण्यापेक्षा तास कमी करून मिळतात का, हे पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

काम स्वीकारण्यापूर्वी

शिकवणी असो, शिवण असो, हिशेब लिहिणे असो किंवा संगणकावरचे काम, हे प्रश्न स्वतःला जरूर विचारा:

• दर कोण ठरवतो? तो वाढवून मागण्याची सोय आहे का?

• कामाची नोंद तुमच्या नावावर होते का? पैसे तुमच्या खात्यात जमा होतात का?

• आज करता त्याहून वरचे काम वर्षभरात शिकायला मिळेल का?

• एका माणसाने काम बंद केले, तर दुसरे गिऱ्हाईक आहे का?

• सुई, वीज, प्रवास, फोन हा खर्च वजा जाता तासाला काय उरते?

घरून काम करणाऱ्या असंघटित स्त्रियांना 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर मोफत नोंदणी करता येते. नाव कुठेतरी लागणे ही पहिली पायरी आहे. आसपासच्या चार-पाच जणी तेच काम करत असतील, तर एकत्र बसून दर ठरवा. लिज्जतची सुरुवातही सात जणींपासूनच झाली होती.

आणि घरच्यांनीही एक ध्यानात ठेवावे. आई पाटावर किंवा संगणकासमोर बसलेली असते, तेव्हा ती घरी ‘रिकामी’ नसते. त्या चार तासांत कुकरची शिट्टी झाली, तर गॅस दुसऱ्या कुणीतरी उठून बंद करायला काय हरकत आहे?