पंचेचाळिशीनंतरची शिकवणी

वीस-पंचवीस वर्षे नोकरी झाल्यावर कामाच्या ठिकाणी ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ येते. म्हणजे दूरच्या केंद्रातील संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे. त्यासाठी नेटवर्किंगही शिकावे लागते. रात्री जागून वाचलेले सकाळी आठवत नाही आणि ‘आपला मेंदू थकला की काय?’ अशी भीती वाटू लागते.

ही भीती बहुधा अनाठायी असते. वयानुसार आकलनाचा वेग थोडा मंदावतो, पण शिकण्याची शक्ती टिकते. लंडनमध्ये टॅक्सीचालक होण्यासाठी हजारो रस्ते पाठ करावे लागतात. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढ उमेदवारांच्या मेंदूतील स्मरणकेंद्राच्या मागील भागात वाढ झाल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

चूक असते ती पद्धतीत. वाचलेले पक्के होते ते झोपेत. म्हणून जागरण टाळावे. एका बैठकीत चार तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास द्यावा. दुसऱ्या दिवशी व आठवड्याने पुस्तक मिटून आठवून पाहावे. नेटवर्कचे सात थर नुसते घोकू नयेत. पत्र टपालपेटीतून घरपोच कसे येते, त्याच्याशी ते जोडून पाहावेत. अशा वेळी जुना अनुभव कामी येतो.

डोके दुखत असेल तर आधी ‘चाळिशी’चा नंबर तपासावा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांवर नजर टाकावी.

मात्र ओळखीचे रस्ते वा नेहमीचे व्यवहारही विसरू लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार किंवा ‘ब-12’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, आणि त्यावर उपचार आहेत.