तारेतून ध्वनी : लेखांक ६ – रोध शून्यावर आला तर

ठरावीक तापमानाखाली काही पदार्थांचा विद्युतरोध पूर्णपणे नाहीसा होतो. याला अतिवाहकता म्हणतात. १९११ साली हाइके कामरलिंग ओनेस यांना लायडनमध्ये ती पाऱ्यात आढळली, तीही उणे २६९ अंश सेल्सिअसला. १९८६ मध्ये बेडनॉर्ट्स आणि म्युलर यांनी सिरॅमिक पदार्थांची वाट दाखवली आणि पुढच्याच वर्षी द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात काम करणारा अतिवाहक हाती आला. घरातल्या तापमानाला आणि साध्या दाबाला चालणारा अतिवाहक मात्र अजून मिळालेला नाही. २०२३ मधला दक्षिण कोरियातला एलके-९९चा दावा काही आठवड्यांतच फोल ठरला.

असा पदार्थ उद्या सापडलाच, तरी स्पीकरच्या वायरीत त्याने फारसे काही साधणार नाही. वायरमन जिला ‘अडीच एमएम’ म्हणतात, ती तांब्याची वायर स्पीकरपर्यंत तीन मीटर नेली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबे लागते. त्याचा रोध जेमतेम ०.०४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरमधल्या व्हॉइस कॉइलचाच रोध सहा ओहमच्या आसपास असतो. शिवाय गाणे सुरू असताना ही कॉइल तापते आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल नुसती दोन अंशांनी तापली, तरी अख्ख्या वायरीच्या रोधाइतका फरक पडतो. चांदीची महागडी वायर तर तांब्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनीच सरस. तिच्या जाहिराती मात्र बऱ्याच लांबलचक असतात.

नायोबियम फॉस्फाइडचे काही नॅनोमीटर जाडीचे थर तांब्याच्या तितक्याच पातळ थरांपेक्षा चांगले वाहक ठरतात, असे २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले. हा गुण उपयोगी पडेल तो चिपमधल्या जोडण्यांत. बोटाएवढ्या जाड केबलला त्याचा काय उपयोग?

इलेक्ट्रिक गिटारच्या केबलची गोष्ट वेगळी. तिथे अडचण धातूची नसून धारितेची आहे. मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून एक लांबट कपॅसिटर बनतो, साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरडचा. सहा मीटरच्या केबलची धारिता पिकअपच्या वेटोळ्याशी जुळून वरच्या पट्टीतले स्वर बोथट करते. रोध शून्य केला तरी ही धारिता तशीच राहते. ती घटवायची तर आवरण बदलावे लागते. पॉलिथिलिनचा परावैद्युत स्थिरांक २.३, हवेचा जवळपास १. म्हणून पॉलिथिलिनमध्ये हवेचे बुडबुडे भरून फेसाळ आवरण करतात. निर्वाताच्या १ या आकड्याखाली मात्र असे कोणतेही आवरण जाऊ शकत नाही.

केबलवर पाय पडला की स्पीकरमधून ‘खर्र’ असा आवाज येतो, तो आवरण आणि जाळी एकमेकांवर घासून निर्माण झालेल्या विद्युतभाराचा. तो वाहून नेण्यासाठी जाळीखाली कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा थर देतात. ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूबमुळे हाच थर अधिक पातळ आणि लवचीक करता येण्याजोगा आहे.