जुन्या व्हॅनच्या हेडलाईटचा स्विच आणि त्याचे वायरिंग

आपल्या सभासदांमध्ये वाहनचालक आहेत, गॅरेजमध्ये काम करणारे आहेत आणि जुनी व्हॅन विकत घेऊन तिच्यावर संसार चालविणारेही आहेत. पहाटे भाजी मार्केटला न्यायची, दिवसा शाळेची मुले ने-आण करायची आणि लग्नसराईत रात्री-अपरात्री वऱ्हाड पोहोचवायचे, असा या गाडीचा दिनक्रम असतो. इंजिन, ब्रेक आणि टायर यांकडे मालक लक्ष देतो. हेडलाईटचा स्विच मात्र तो पूर्ण बंद पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात हा स्विच का जळतो आणि त्याचे वायरिंग कसे करावे, हे आम्ही सोप्या भाषेत सांगणार आहोत. विज्ञान विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना शाळेत शिकलेला ओहमचा नियम येथे प्रत्यक्ष कामाला आलेला दिसेल.

जुन्या व्हॅन म्हणजे कोणत्या? बजाज टेम्पो कंपनीची मॅटॅडोर आपल्याकडे घरोघरी माहीत होती. या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे ओम्नी या नावाने ती गावोगावी पोहोचली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. अशा गाड्या तीन-चार मालकांच्या हातांतून गेलेल्या असतात. प्रत्येक हाताने वायरिंगमध्ये एखादा जोड वाढविलेला असतो.

स्विच का जळतो?

अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीपासून निघालेला प्रवाह फ्यूजमधून हेडलाईटच्या स्विचकडे येतो, तेथून डिपरच्या स्विचकडे जातो आणि मग पुढे दिव्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजे दिव्यांचा सगळा प्रवाह चालकाच्या बोटाखालच्या त्या लहानशा स्विचमधून वाहतो. आता हिशेब करू. व्हॅनची बॅटरी १२ व्होल्टची असते. नेहमीच्या एच-४ बल्बमध्ये अप्परची तार ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची असते. डिपरवर दोन बल्ब मिळून ११० वॅट झाले. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ११० भागिले १२ म्हणजे सुमारे ९.२ अँपिअर. त्यात पार्किंगचे, मागचे आणि नंबर प्लेटचे ५-५ वॅटचे पाच दिवे धरले तर आणखी दोन अँपिअरची भर पडते. एकूण भार ११ अँपिअरच्या आसपास जातो.

नवा स्विच हा भार सोसतो. वर्षे लोटली की त्याच्या आतील पितळी पट्ट्या झिजतात, स्प्रिंग सैल होते आणि पट्ट्यांवर काळा थर धरतो. समजा या जोडात केवळ ०.१ ओहमचा अडथळा निर्माण झाला. १० अँपिअर प्रवाहाला तेथे एक व्होल्ट खर्च होतो आणि १० वॅट उष्णता तयार होते. मागच्या दोन दिव्यांना मिळून जेवढे वॅट लागतात, तेवढे वॅट अंगठ्याएवढ्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत जळत राहतात. उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल होते, त्यामुळे अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते. अखेरीस प्लॅस्टिक वितळते आणि पट्टी जागा सोडते.

हे बहुधा दिवे बराच वेळ चालू असताना, म्हणजे रात्रीच्या लांबच्या प्रवासात घडते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. कसारा किंवा वरंध घाटाच्या वळणावर अचानक दोन्ही दिवे गेले, तर ते ५० मीटर पूर्ण अंधारात जातात. गाडीत मागे बसलेल्या माणसांना त्याची कल्पनाही नसते.

दिवा मंद का होतो?

स्विच जळण्याआधी गाडी एक इशारा देत असते. तो म्हणजे मंद, पिवळसर उजेड. बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तर उजेड दहा टक्क्यांनी घटतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, कारण तार थोडी जरी कमी तापली तरी तिचा प्रकाश झपाट्याने उतरतो. म्हणजे वायर, स्विच आणि जोड यांत मिळून सव्वा व्होल्टच्या आसपास खर्च झाला की एक तृतीयांशाजवळ उजेड वाया गेला.

पुष्कळ मालक यावर उपाय म्हणून १०० वॅटचे बल्ब बसवितात. त्याने दुखणे वाढते. दोन बल्बांचे २०० वॅट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर प्रवाह त्याच थकलेल्या स्विचमधून जाऊ लागतो. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, तो वेगळाच धोका. बल्ब बदलण्याआधी त्याच्यापर्यंत पुरता प्रवाह पोहोचतो की नाही, हे पाहणे शहाणपणाचे आहे.

रिलेचे काम

यावरचा खरा उपाय म्हणजे रिले. रिले ही लहान चौकोनी डबी असते. तिच्या आत तारेचे वेटोळे आणि एक मजबूत पट्टी असते. वेटोळ्यात थोडासा प्रवाह सोडला की त्याचे चुंबक होते, ते पट्टीला ओढून घेते आणि मोठ्या प्रवाहाचा मार्ग खुला होतो. वेटोळ्याला साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरतात. डॅशबोर्डवरच्या स्विचला आता केवळ हुकूम द्यावयाचा असतो. ओझे रिले वाहते. हेडलाईटचा जो स्विच ९ अँपिअर वाहून तापत होता, त्याच्यातून आता या कामासाठी पाव अँपिअरही जात नाही.

रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा प्रवाह, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारा, आणि ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. काही रिलेंमध्ये आत डायोड असतो. त्यांत ८६ ला धन आणि ८५ ला अर्थ हाच क्रम पाळावा लागतो. तीच सवय सर्वत्र ठेवलेली बरी.

जोडणी कशी करावी?

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि काम संपल्यावर तेच सर्वांत शेवटी जोडावे. असे केले म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. तपासणीसाठी जेव्हा प्रवाह लागेल तेवढ्यापुरतेच टोक जोडावे.

दुसरी गोष्ट, कोणतीही वायर कापण्याआधी टेस्ट लॅम्पने ती ओळखावी. जुन्या गाडीत वायरच्या रंगावर विसंबू नये. बल्बच्या होल्डरला तीन वायरी येतात: एक अप्परची, एक डिपरची आणि एक सामाईक. बहुतेक गाड्यांत सामाईक वायर अर्थची असते. परंतु काही जपानी बनावटीच्या गाड्यांत उलट रचना आढळते. तेथे सामाईक वायरीत धन प्रवाह असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. हे न पाहता काम सुरू केले तर फ्यूज उडत राहतो आणि कारण सापडत नाही.

नेहमीच्या रचनेत दोन रिले घ्यावेत, एक डिपरसाठी व एक अप्परसाठी. डिपरची जी जुनी वायर बल्बकडे जात होती, ती आता पहिल्या रिलेच्या ८६ ला द्यावी. अप्परची दुसऱ्या रिलेच्या ८६ ला. दोन्ही रिलेंचे ८५ बॉडीला अर्थ करावे. बॅटरीच्या धन टोकापासून नवी जाड वायर फ्यूजमार्गे प्रत्येक ३० ला आणावी आणि ८७ पासून दोन्ही बाजूंच्या बल्बांना न्यावी. अर्थच्या बाजूला स्विच असलेल्या गाडीत जुनी धन वायर ८६ ला आणि स्विचकडे जाणारी वायर ८५ ला येते. बाकी तत्त्व तेच. मात्र तेथे होल्डरची सामाईक वायर धन बाजूपासून सोडवून बॉडीला अर्थ करावी लागते.

वायर मोटारीचीच, बारीक तारांची घ्यावी. दिव्यांच्या मुख्य वायरीसाठी २.५ चौरस मिलिमीटर जाडी योग्य. वेटोळ्याच्या वायरीला १ चौरस मिलिमीटर पुरे. फरक किती पडतो पाहा. ९.२ अँपिअर प्रवाहाला चार मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर वायरीत सुमारे ०.६ व्होल्ट खर्च होतात, २.५ च्या वायरीत तेच पाव व्होल्टवर येते.

फ्यूज १५ अँपिअरचा आणि बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. फ्यूज दिव्याजवळ बसविला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडी राहते आणि ती बॉडीला घासली तर पेट घेऊ शकते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची प्रथा आहे. ती तार वितळण्याआधी गाडीचे वायरिंग वितळते, हे ध्यानात ठेवावे.

येथे आम्हाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. डिपर आणि अप्पर यांना वेगवेगळे फ्यूज द्यावेत. जमल्यास डाव्या-उजव्या दिव्यालाही वेगळे द्यावेत. सर्व दिवे एका फ्यूजवर असतील तर एका दोषाने संपूर्ण अंधार होतो. वेगळे असतील तर निदान एक उजेड शिल्लक राहतो आणि चालकाला गाडी कडेला घेता येते. त्यासाठी लागणारा खर्च दोन फ्यूज होल्डरांचा आहे.

रिले पावसाचे पाणी उडणार नाही अशा जागी, पाय खाली करून बसवावेत म्हणजे आत पाणी साचत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घालावे. जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा लग दाबून करावेत. अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करावी आणि बोल्ट घट्ट आवळावा. दिवा मंद असण्याचे कारण पुष्कळदा या गंजलेल्या अर्थमध्येच सापडते.

काम झाल्यावरची तपासणी

इंजिन चालू ठेवून दिवे लावावेत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे बल्बच्या धन पायाला लावावे. जो आकडा दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. तसेच बल्बचा अर्थ पाय आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही पाहावे. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत आले तर काम चांगले झाले असे समजावे. मग दहा मिनिटे दिवे चालू ठेवून स्विच, रिले आणि फ्यूज होल्डर यांना हात लावून पाहावा. किंचित कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसत असेल तर तेथील जोड सैल आहे. शेवटी गाडी भिंतीसमोर उभी करून डिपरचा झोत खाली पडतो की नाही, हेही पाहावे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते तेव्हा दिव्यांची तपासणी होतेच. तथापि ती तपासणी दिवसाउजेडी, काही मिनिटांची असते. रात्रीच्या चार तासांच्या प्रवासात स्विच टिकेल की नाही, हे गाडीच्या मालकाने आणि कारागिरानेच पाहावयाचे असते.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आणि गॅरेजमध्ये उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगणे आहे की, केलेल्या प्रत्येक कामाचा नकाशा वहीत काढून ठेवा. कोणती वायर कोठून कोठे गेली, किती अँपिअरचा फ्यूज घातला, हे लिहून त्याची एक प्रत गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणात चिकटवा. पाच वर्षांनी ती गाडी दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारागिरासमोर उभी राहील, तेव्हा त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही.