रक्ताची साक्ष किती खरी?

1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे झालेले गिरणीकामगार हुतात्मा बाबू गेनू याच महाळुंगे पडवळचे. आम्हीही कामगार चळवळीतले, डॉक्टर नव्हे. पण महिनोन्‌महिने जुलाब आणि पोटदुखीने खचलेला गडी महागड्या तपासणीची चिठ्ठी घेऊन दारी येतो, तेव्हा ती समजून घेणे आम्हांस भाग पडते.

आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे रोग मुख्यतः दोन : क्रोनचा रोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. पहिल्यात पाव फुगविणाऱ्या यीस्टविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे आस्का, आणि दुसऱ्यात स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्धची, म्हणजे पी-अँका, रक्तात पुष्कळदा सापडतात. पुष्कळदा; नेहमी नव्हे. रोग असून ती नसतात, रोग नसूनही कधी असतात.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय क्रोनच्या रोगासारखाच दिसतो, आणि आस्का क्षयातही आढळते. क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय बळावतो. क्रोनला क्षय समजून नुसती क्षयाची औषधे चालू ठेवली, तर तेवढ्या काळात आतडे आकसू शकते.

मग निवाडा कशाने? दुर्बिणीने आतडे पाहून, त्याचा तुकडा तपासून, क्षयजंतू शोधून. रक्त हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. म्हणून चिठ्ठी मिळताच नम्रपणे विचारावे : “डॉक्टरसाहेब, या तपासणीने उपचार बदलणार काय?” एका साक्षीवर आम्ही कामगाराची नोकरी जाऊ देत नाही, त्याच्या आतड्याचा निकाल तरी का लागू द्यावा?