सॅल्मनच्या अंगावरची ऊ आणि एक साधा गुणाकार

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्याचं आणि आज आपण बोलणार आहोत त्या अटलांटिक सॅल्मनचं काही नातं नाही. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. त्याच्या या येण्याजाण्यातच आजच्या विषयाची किल्ली आहे.

सॅल्मनच्या अंगावर एक परजीवी असतो, सागरी ऊ. नाव उवेचं असलं तरी कूळ खेकडा-कोळंबीचं. ती माशाची त्वचा, त्यावरचा बुळबुळीत थर आणि रक्त यांवर जगते. हजारो वर्षं हे दोघे एकत्र नांदले, कारण निसर्गाने उवेला दोन लगाम घातले होते. एक म्हणजे गोडं पाणी: मासा नदीत शिरला की उवा काही दिवसांत गळून पडतात. दुसरा म्हणजे हिवाळा: त्या काळात किनाऱ्याजवळ सॅल्मन फारसे नसतातच. मग पिल्लं चिकटणार कोणाला?

आता नॉर्वेत काय झालं ते पाहू. तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्यांमध्ये, जाळीचे पिंजरे टाकून सॅल्मन पाळतात. एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त दोन लाख मासे ठेवता येतात, आणि तेही बाराही महिने खाऱ्या पाण्यात. दोन्ही लगाम सुटले!

सरकारी नियम सांगतो की एका माशामागे सरासरी 0.5 पेक्षा जास्त प्रौढ मादी उवा नकोत. वसंतात हीच मर्यादा 0.2 होते. ऐकायला किती कडक वाटतं! पण आपण गुणाकार करू. दोन लाख गुणिले 0.5, म्हणजे नियम पाळूनही एका पिंजऱ्यात एक लाख माद्या. प्रत्येकीजवळ शेकडो अंडी. पिल्लं जाळीतून बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात.

नेमकं वसंतातच जंगली सॅल्मनची पोरं नदीतून समुद्राकडे निघतात. वजन जेमतेम वीस ग्रॅम. मोठ्या माशाला दहा उवा म्हणजे किरकोळ त्रास, या पोरांचा मात्र त्यात जीव जातो.

मग औषध का देत नाहीत? देतात की! पण उवा औषधांना दाद देईनाशा झाल्या. मग कोमट पाण्याची आंघोळ आली, उवा टिपून खाणारे मासे पिंजऱ्यात सोडले गेले. त्या आंघोळीने सॅल्मन हैराण होतात आणि सोडलेले मासेही मोठ्या संख्येने मरतात. जिवाणूंच्या रोगांवर लस आली तेव्हा नॉर्वेतला प्रतिजैविकांचा वापर 1987 नंतर झपाट्याने खाली आला. उवेवर अशी प्रभावी लस अजून हाती नाही.

म्हणून 2017 पासून नॉर्वेने किनाऱ्याचे 13 विभाग करून सिग्नलची पद्धत आणली. उवांमुळे जंगली पोरांपैकी 10 टक्क्यांहून कमी मरत असतील तर हिरवा, 30 टक्क्यांहून जास्त मरत असतील तर लाल, मधे पिवळा. हिरव्याला उत्पादन वाढवायची मुभा, लाल असेल तिथे कपात.

यात मोजमाप दर माशामागच्या उवांचं नाही, जंगली पोरांच्या मरणाचं आहे, हे लक्षात घ्या. 2024 च्या उन्हाळ्यात परतणारे सॅल्मन इतके घटले की नॉर्वेला अनेक नद्यांतली मासेमारी हंगामाच्या मध्येच बंद करावी लागली. याला समुद्रातले बदल आणि इतरही कारणं आहेत, सगळा दोष उवेचा नाही. पण उवेचा भार कमी करणं माणसाच्या हातात आहे. म्हणून पुढच्या वेळी ‘मर्यादेत आहे’ असं कुठे ऐकलं, तर आपण एवढंच विचारू: मर्यादा गुणिले किती?